आवसेचा आकडा

सोनखडीच्या घाटाखाली, नदीच्या पात्रात, सरकारी पट्ट्या उभ्या आहेत. लोखंडाच्या, पांढऱ्या रंगावर काळे आकडे. पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते रोज सकाळी आठला बघायचं, वहीत मांडायचं, फोनवरून सांगलीच्या ऑफिसला कळवायचं आणि वर येऊन चांदसाहेबाच्या चहाच्या टपरीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. पूर आला की हेच तासातासाला. फळा सरकारनं सांगितलेला नाही, तो गावाचा. काठावरच्या पाण्याच्या मोटारी कधी वर ओढायच्या, ते गाव फळा बघून ठरवतं.

काम दिसायला सोपं. पण पहिली तीस वर्षं लालासाहेबांनी आणि पुढची चार त्यांच्या सुनेनं, संयोगितानं, ते केलं आणि चौतीस वर्षांत एक ओळ मोकळी सोडली नाही. एवढ्या नेमानं गावातली आरतीसुद्धा झालेली नाही.

वैशाखात पाणी पार खाली गेलं होतं. संयोगिता साडीचा ओचा खोवून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि नारळाच्या काथ्यानं खालच्या पट्टीवरचं शेवाळ घासत होती. शेवाळ धरलं की आठाचा तीन दिसतो. घाटाच्या पायऱ्यांवरून कोणी हाक मारली म्हणून तिनं वर बघितलं. सांगलीच्या ऑफिसातल्या अंकिता मॅडम, डोक्यावर अजून हेल्मेट तसंच. वर्षात दोनदा येणारी बाई बिनकामाची मे महिन्यात यायची नाही, हे संयोगिताला कळत होतं. ती हात धुऊन वर आली आणि मॅडमना घरी घेऊन गेली.

घरी म्हणजे पत्र्याच्या शेडात. जुनं मातीचं घर एकोणीसच्या पुरात बसलं, तेव्हापासून सासरा, सून आणि तिचा नवरा, तिघं शेडात राहतात. मॅडमनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. चहा नको म्हणणाऱ्या सरकारी माणसाची गावात फार भीती.

"ताई, परदेशात, जर्मनीत, एक संस्था आहे. जगभरातल्या नद्यांचे आकडे एका ठिकाणी गोळा करते आणि सगळ्यांना बघायला मोकळे ठेवते. कुठल्या नदीला कधी किती पाणी होतं, कुणीही बघावं." त्यांनी मोबाईल पुढं धरला. पृथ्वीच्या नकाशावर नुसते ठिपकेच ठिपके. बोटांनी नकाशा मोठा करत त्या हिंदुस्थानावर आल्या, मग कृष्णेवर. "हा आपला ठिपका. चौतीस वर्षांत एक दिवस मोकळा नाही, म्हणून त्यांनी आपली नोंद मागवली होती. आता तपासून परत पाठवलीय. शंका काढल्यात."

"कसल्या शंका?"

"चारशे सतरा दिवस असे आहेत, की त्या दिवशीचा आकडा आदल्या दिवसाचाच आहे. एका सेंटिमीटरचा फरक नाही."

"उन्हाळ्यात ऱ्हातंय की तसं. पानी हलत न्हाई."

"भर पावसाळ्यातही आहे. आणि बरोबर एकोणतीस, तीस दिवसांनी. त्यांनी विचारलंय, तुमचं यंत्र महिन्यातून एकदा बंद पडतं का?"

यंत्र तेव्हा दाराशी बसून तंबाखू मळत होतं. लालासाहेबांनी चुना पुसला, चिमूट ओठात सारली आणि तोंड बंद करून घेतलं.

मॅडमनी कागदांची चवड काढली. आकड्यांच्या ओळी, आणि एका तारखेला लाल गोल. "ही बघा आजोबा. चौदा वर्षांपूर्वीची, आषाढातली. सकाळी आठला तीन वीस, म्हणजे तीन मीटर वीस. दहाला चार साठ. वरच्या केंद्रावर पाणी पहाटेपासून चढत होतं. मग आपल्याकडं आठपर्यंत चढलं कसं नाही?"

लालासाहेबांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "चौदा वर्सामागचं कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

संयोगितानं सासऱ्याकडं बघितलं. तिच्या लग्नाच्या दिवशी पाणी किती होतं, ते हा माणूस विहिणींच्या पंगतीत सांगत फिरला होता. एक शहाण्णव. गावातल्या कोणाच्याही बारशाचा, दहाव्याचा आकडा विचारा, डोळे मिटून सांगायचे. आणि आज ध्यानात नाही?

"आठ दिवसांत खुलासा द्या," मॅडम उठल्या. "नाहीतर ते आपलं केंद्रच गाळतील. सगळी चौतीस वर्षं. आणि मग आमचे साहेबही चौकशी लावतील, ताई. नंतरची चार वर्षं तुमच्या नावावर आहेत."

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली, आणि होता होता तिला शिंगं फुटली. चांदसाहेबाच्या टपरीवर एक म्हणाला, आपल्या नदीचं पाणी जर्मनीवाल्यांना कशाला पाहिजे? दुसरा म्हणाला, धरणं विकायची असतील. तिसऱ्याला पक्की माहिती होती की लालासाहेबाची सून महिन्याला परदेशातनं पैसे खाते. शेडाला अजून पत्राच का, असं त्याला कोणी विचारलं नाही. गावात संशयाला पुरावा लागत नाही, वेळ लागतो, आणि तो मे महिन्यात भरपूर असतो.

चांदसाहेब तेवढा काही बोलला नाही. सत्तरीचा म्हातारा, त्याच्या फळ्यावरच चौतीस वर्षं आकडे लिहिले जात होते. तो कप विसळत राहिला.

खरा हिशेब लावला तो सयाजीनं. सयाजी गावातला पुढारलेला माणूस. नदीकडंच्या शेतात त्यानं प्लॉट पाडले होते आणि सगळे प्लॉट पूररेषेत अडकून पडले होते. नकाशावरच्या त्या निळ्या रेषेच्या आत घराला परवानगी नाही. ती रेषा ज्या आकड्यांवर आखली, ते आकडे लालासाहेबांचे. त्याच प्लॉटांतला एक लालासाहेबांच्या पोरानं, जयराजनं, घेऊन ठेवला होता. चार वर्षं झाली, तिथं बोरीची झुडपं उगवली होती.

संध्याकाळी सयाजी शेडात आला. पायातल्या चपला न काढता बाजेवर बसला.

"आन्ना, देवानं संधी धाडली. एक कागद करून आनतो. त्यावर एवढंच, की मी तीस वर्सं आकडं घरात बसून टाकलं. आकडं खोटं, तर रेषा खोटी. समदा गाव मोकळा हुतोय."

"आन मामांची अब्रू?" संयोगिता चुलीपुढून म्हणाली.

"अब्रूला काय धाड भरलीय? पेन्शन हाय का कापायला? रोजंदारीवर तर हुते."

जयराज नुकताच कुपवाडच्या फौंड्रीतनं आला होता. नाकपुड्यांत काळं, हातावर भाजल्याचे ठिपके. त्यानं बापाकडं बघितलं नाही. "दादा बरोबर म्हंत्यात. पत्र्यात भाजून निघालो आमी. तात्या, एक सही तर हाय."

संयोगिताला वाटलं, आता म्हातारा उसळणार. एकदा ऑफिसातल्या साहेबानं नुसतं म्हटलं होतं, "बरोबर बघितलं ना?" तर लालासाहेबांनी त्याला दंडाला धरून गळ्याइतक्या पाण्यात पट्टीपाशी नेलं होतं. असा माणूस.

लालासाहेब म्हणाले, "आन कागद. करतो सही."

सयाजीसुद्धा दचकला. त्याला दोन-तीन खेपा घालाव्या लागतील असं वाटलं होतं. तो परवा सकाळी दहाची वेळ ठरवून गेला आणि जाताना चहा मागून प्याला. जयराज त्या रात्री पोटभर जेवला.

संयोगिता मात्र भाकरी थापता थापता सासऱ्याकडं बघत राहिली. इतक्या सहज? खरंच घरात बसून टाकले असतील का आकडे? मग आपण चार वर्षं हिवाळ्यात, पावसात, ताप अंगात असताना उतरलो ती पायरी कशासाठी उतरलो? तिला सासऱ्याचा राग आला, मग स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी ती साळूबाईबरोबर उसात भांगलायला होती. लागण कंबरेएवढी झाली होती, पात काखेला कापत होती, आणि सरीत वारा म्हणून नव्हता. खुरपी चालत होती. साळूबाई पंचेचाळिशीची, सयाजीची भावजय. नवरा आकाराम पाण्यात गेला, त्याला चौदा वर्षं झाली. सयाजीच्या घराच्या मागच्या पडवीत एकटी राहते आणि दुसऱ्याच्या बांधावर राबते.

"आगं, ही बाटली बग," साळूबाईनं फवारणीच्या औषधाची बाटली पुढं केली. "पंपाला किती घालायचं लिवलंय?"

"तीस मिली. वर ठळक लिवलंय की, काकी."

"तूच बग बाई."

आकडा म्हटला की साळूबाई वस्तू पुढं सरकवायची. लाईटबिल, एसटीची पाटी, मोबाईलवर कोणाचा नंबर आलाय, सगळं. चौथी शिकलेली बाई. पूर्वी वाचायची. गावाला कारण ठाऊक होतं, आणि गाव ते तिच्या तोंडावर बोलायलाही कचरत नसे. आकारामची मोटार ओढ्यापलीकडं होती. नदी साडेतीनच्या खाली असली तर ओढ्याच्या तोंडाशी छातीभर पाण्यातनं पलीकडं जाता येतं, चारच्या वर गेली की डोक्यावरनं पाणी. गढूळ पाण्याला तळ दिसत नाही, म्हणून तर फळा. त्या सकाळी साळूबाई डेअरीला दूध घालायला गेली, तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, येताना फळा बघून ये. तिनं येऊन सांगितलं, तीन वीस. आकाराम गेला तो पुलाखाली सापडला. माणसं पळत टपरीवर आली तेव्हा फळ्यावर चार साठ होते.

सासूनं, बयाबाईनं, भरल्या अंगणात बोट दाखवलं: आकडा वाचता येईना हिला, आन नवरा घालवला. तेव्हापासून ते बोट खाली आलेलंच नाही.

तीन वीस. संयोगिताचं खुरपं थांबलं. हा आकडा काल कुठं ऐकला? कागदावर, लाल गोलात. आठला तीन वीस, दहाला चार साठ.

तिनं साळूबाईला काही सांगितलं नाही. दुपारी भाकरी खायला म्हणून घरी आली आणि मॅडमनी ठेवलेली यादी काढली. यंदाच्या वर्षातल्या चार तारखा होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिनं त्या बोटानं शोधल्या. जानेवारीत त्या चौकटीत काळा गोल. फेब्रुवारीत काळा गोल. मार्च, एप्रिल, तसंच. चारही आवसा.

आवसेचं वाचन सासऱ्याचं होतं. तिनं काम घेतलं तेव्हा लालासाहेबांनी एकच अट घातली होती. "महिन्याचा एक दिवस माजा. आवसंला मी जानार. तेवढंच पाय मोकळं." तिला ते बरं वाटलं होतं. ते घाटाकडं जायचे, अर्ध्या तासानं येऊन आकडा सांगायचे, आणि ती फोनवर पाठवायची.

उद्या आवस होती. दहाला सही होती.

सकाळी पावणेआठला लालासाहेब काठी घेऊन निघाले. संयोगिता पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडं निघाल्यासारखी मागं मागं गेली. गावात शांत होतं. आवसेला आमच्याकडं औत धरत नाहीत. बैल मोजून दोन जोड्या उरल्या तरी नेम तोच. ट्रॅक्टरवालेसुद्धा ट्रॅक्टर धुऊन, पुढच्या बॉनेटला हळदकुंकू लावून, नुसते उभे करतात. कंपनीनं हे पुस्तकात लिहिलेलं नाही.

लालासाहेब घाटाशी आले. पायऱ्या उतरले नाहीत. टपरीच्या बाकावर बसले, चांदसाहेबानं न विचारता चहा दिला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्याले. मग उठून नदीला वरूनच हात जोडले, फळ्यावरचा कालचा आकडा हातानं पुसला, आणि खडूनं तोच पुन्हा लिहिला. शून्य चौऱ्याऐंशी.

ते गेल्यावर संयोगिता टपरीशी आली. "चांदचाचा, मामा खाली गेलंच न्हाईत."

"आवसंला आन्नाची सुट्टी असती, पोरी." चांदसाहेबानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुला ठावं न्हाई व्हय?"

"तुमाला ठावं हुतं?"

"मी चहा इकतो," तो म्हणाला आणि स्टोव्हला पंप मारायला लागला.

ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. वरच्या धरणातनं उन्हाळी पाणी सोडलं असावं. पट्टीवर एक बारा होतं. तिनं दोनदा बघितलं. मग धावत चढून आली आणि वडाच्या वळणावर सासऱ्याला गाठलं.

"मामा, किती हाय?"

"शून्य चौऱ्याऐंशी."

"एक बारा हाय. आत्ता बगून आले."

लालासाहेब काठीवर रेलले.

"आवसंला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, पोरी," ते म्हणाले. "नदी रोज त्या पट्टीला बांदलेली. तीनशेपासष्ट दिवस आपन तिच्या अंगाला टेप लावतो. महिन्याचा एक दिवस तिला सोडावी, असं मला पयल्या वर्सापासनं वाटलं. पर वहीत मोकळी ओळ सोडली की आपिस रोजगार कापायचं. म्हनून कालचा आकडा टाकत गेलो. महापुरात न्हाई पाळलं. पुरात बैलालाबी जुपावंच लागतंय. बाकीच्या दिवशी एकबी आकडा घरात बसून टाकला न्हाई. तुज्या गळ्याशपत."

"मग सयाजीदादाला सही देतो म्हनून का म्हनला? समदंच खोटं हाय म्हनून?"

त्यांनी काठी उचलली आणि वळणावरनं पुढं पाऊल टाकलं.

"तीन वीस," संयोगिता म्हणाली.

लालासाहेबांचा चेहरा एकदम म्हाताऱ्याचा झाला. होते ते पंच्याहत्तरीचे, पण दिसत नव्हते. ते वडाच्या पारावर बसले, आणि बसताना काठी पडली ती उचलली नाही.

"दिव्याची आवस हुती," ते म्हणाले. "मी असाच बाकावर बसलो, आदल्या दिवशीचं तीन वीस टाकलं, घरला आलो. दीड तासानं बोंब उटली. मी पळत गेलो. पानी चार साठ. चांदसाहेब टपरी सोडून घाटाखाली पळाला हुता. फळ्यापाशी कुनी न्हाई." त्यांनी हाताचा पंजा हवेत फिरवला, पुसल्यासारखा. "मी पुसला. चार साठ लिवलं. आन मग लोकं आली."

"आन वहीत?"

"वहीत आटचं तीन वीस ऱ्हायलं. फोन गेला हुता. वही कोन बगतंय म्हनलं. चौदा वर्सांनी जर्मनीवाला बगील, कुनाच्या सपनात हुतं?"

संयोगिताला सगळं कळलं, आणि कळलं ते आवडलं नाही. सगळेच आकडे खोटे ठरले, तर त्या ढिगात हा एक झाकून जाणार होता. तीस वर्षांची इज्जत म्हातारा द्यायला निघाला होता तो गावासाठी नाही, पोराच्या घरासाठी नाही. एवढ्या एका ओळीसाठी.

"काकीला रोज बगता तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "तिला आकडा वाचाय येत न्हाई म्हनून पोरंसुदीक हसत्यात. माज्याकडनं बाटली वाचून घेती. आन तुमी वट्यावर बसून ऐकता."

"व्हय."

"लाज न्हाई वाटली?"

सुनेनं सासऱ्याला असं बोलायची रीत नाही. लालासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसत नव्हते.

"वाटली म्हनूनच तर बोललो न्हाई," ते म्हणाले. "एक वरीस गेलं की दुसऱ्या वर्सी बोलनं आनिक अवगड. चौदा झाली. आता त्या पट्टीच्या खाली मी कवाच बुडालोय."

"मग चला," संयोगिता म्हणाली. "पलीकडच्या उसात हाय ती. मी येत न्हाई मदी. तुमचं तुमी सांगायचं."

नऊ वाजले होते. ऊन चटकायला लागलं होतं. आवस असली तरी भांगलणाऱ्या बायकांना सुट्टी नसते, ती फक्त बैलांना. लालासाहेब सरीतनं वाकून आत गेले, पात अंगाला लागत होती. साळूबाई उकिडवी बसून खुरपत होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "आन्ना? हिकडं कुठं? ऊन लागंल."

संयोगिता बांधावर थांबली. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. लालासाहेबांनी फार शब्द वापरले नाहीत. बाकावर बसलो, कालचा आकडा टाकला, मग पुसला. तीन वाक्यं. चौदा वर्षं अडलेली गोष्ट सांगायला तेवढीच लागली.

खुरपं थांबलं.

"मंजी," साळूबाई म्हणाली, "फळ्यावर तीन वीसच हुतं?"

"तीन वीसच."

"तीन, टिंब, दोन, आन शून्य?"

"व्हय पोरी. तू बरोबर वाचलं हुतंस."

संयोगिताला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर खुरपं उगारेल. उगारलं असतं तर म्हाताऱ्यानं मान पुढं केली असती. साळूबाई उठली. लुगड्याची माती झटकली. पुन्हा एकदा, मनाशी, तिनं ते चार खुणांचं लेखन बोटानं हवेत गिरवलं.

"मी धा दिवस डोळं मिटलं की तीनच दिसायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, चार असंल आन मला तीन दिसला. मग म्हनलं, माजे डोळंच खोटं. मग कायबी वाचलं न्हाई मी. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवरची तारीकबी वाचली न्हाई. आन्ना, तुमी जेवून गेलासा त्या लग्नात."

"गेलो."

"चला," साळूबाई म्हणाली.

"कुठं?"

"घरला. म्हातारीपुढं."

सयाजीच्या ओसरीवर तयारी झाली होती. मध्ये पाट, पाटावर कागद, कागदावर पेन. सयाजी, पंच म्हणून बोलावलेली चार माणसं, कामावर खाडा करून थांबलेला जयराज. कोपऱ्यात बाजेवर बयाबाई, नव्वदीची, पायावर गोधडी. दोन्ही कानांनी ठार बहिरी. लालासाहेब आले तसा सयाजी हसत उठला, पण त्यांच्या पुढं साळूबाई होती. हातात खुरपं तसंच, पाय मातीचे. ती पुढच्या ओसरीवर सहसा येत नसे.

"आन्ना, बसा. हितं सही," सयाजी पेन पुढं करत म्हणाला.

"सही न्हाई करत," लालासाहेब म्हणाले. "आवसंचं आकडं मी खोटं टाकलं. तेवढंच खोटं. बाकीचं समदं पान्यात उतरून घेतलंय. तसं सून लिवून धाडनार हाय आपिसात. चारशे सतरा दिवस खोडा म्हनावं."

"आवं पर रेषा—"

"रेषा खरी हाय, सयाजी. पानी तिथवर आलतं. तुज्याबी घरात आलतं."

जयराज उभा राहिला. "तात्या, माजं घर..." एवढंच त्याच्या तोंडातून आलं. तो बायकोकडं वळला, आणि त्या नजरेत, हे सगळं हिनंच घडवलं, असा इतका संशय होता की संयोगितानं मान खाली घातली. ती पुढं कित्येक महिने त्याला समजावणार होती आणि तो समजून घेणार नव्हता, हे तिला तिथंच कळलं.

साळूबाईला त्यातलं काही नको होतं. तिनं लालासाहेबांचा दंड धरला आणि त्यांना बाजेपाशी नेलं.

"हिला सांगा."

लालासाहेब बयाबाईजवळ वाकले. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, साळूनं आकडा बरोबर वाचला हुता."

बयाबाईनं कानामागं हात धरला. "आं?"

"मोठ्यानं," साळूबाई म्हणाली. "ती मोठ्यानंच बोलली हुती."

लालासाहेब सरळ झाले. त्यांनी घसा साफ केला. "वैनी! साळूनं आकडा बरोबर वाचला हुता! फळ्यावर मी खोटा लिवला हुता!"

सयाजीच्या हातातलं पेन खाली आलं. आकाराम त्याचा पाठचा भाऊ. समोरच्या घराचं दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. भांडी घासणाऱ्या बायका राखेच्या हातांनी बाहेर आल्या.

"काय म्हनतोय ह्यो?" बयाबाईनं विचारलं. "कोन मेलं?"

लालासाहेबांना दम लागला होता. त्यांनी खांबाला हात टेकला आणि साळूबाईकडं बघितलं, झालं का असं विचारल्यासारखं.

साळूबाई जागची हलली नाही.

"ऐकू आलं न्हाई तिला," ती म्हणाली. "अजून एकदा म्हना."